घोटाभर पाण्याच्या कडेने

पहिला दिवस, गुरुवार : बेकर वेटलँड्स, लॉरेन्स

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कॅनडाकडून थंड हवेची एखादी लाट कॅन्सस राज्यावरून गेली, की त्या रात्री लहान पक्षी मोठ्या संख्येने दक्षिणेकडे सरकतात आणि उजाडेल तिथल्या गवतात उतरून दिवस काढतात. त्यांतल्या दोन पक्ष्यांसाठी मी गेली सहा वर्षे दर शरदात दलदली तुडवते आहे. एक नेल्सन्स स्पॅरो आणि दुसरा लेकाँट्स स्पॅरो. नेल्सन्स मला एकदाच दिसला होता आणि तोही पाठमोरा; लेकाँट्सचे खाते कोरेच होते. बुधवारी रात्री वारा उत्तरेचा झाला आणि तापमान एकदम उतरले, तेव्हा मी तीन दिवसांची रजा टाकली आणि निफाडहून तीन महिन्यांसाठी आलेल्या बाबांना सोबत येण्याबद्दल विचारले. बाबा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. पक्ष्यांत त्यांना फारसा रस नाही, परंतु घरात बसून राहण्यात त्याहूनही कमी आहे.

"चिमण्या बघायला पाच दिवस?" एवढेच त्यांनी विचारले.

हा प्रश्न रास्त होता आणि त्याला भाषाही थोडी जबाबदार आहे. इंग्रजीत ज्यांना स्पॅरो म्हणतात, ते अमेरिकेचे मूळ पक्षी आपल्या घरातल्या चिमणीचे जवळचे नातलग नाहीत. आपली चिमणी इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातून आणून सोडलेली आहे. इथले मूळ स्पॅरो हे भारीट पक्ष्यांना अधिक जवळचे. रब्बीच्या ज्वारीवर हिवाळ्यात पिवळ्याधमक पोटाच्या, काळ्या डोक्याच्या भारिटांचे थवे उतरतात, त्या कुळाच्या शेजारचे हे कूळ. भारीट म्हटल्यावर बाबांची ओळख पटली. शेतकऱ्यांच्या गोफणी त्यांनी लहानपणी स्वतः चालवलेल्या आहेत.

मी राहते त्या ओव्हरलँड पार्कहून लॉरेन्स शहर तासाभराच्या आत येते. शहराच्या दक्षिणेला वाकारूसा नदीच्या पूरमैदानात बेकर वेटलँड्स ही दलदल आहे. शेजारच्या हॅस्केल या संस्थेची सुरुवात 1884 साली मूळनिवासी मुलांच्या सक्तीच्या निवासी शाळेच्या रूपात झाली, आणि पुढे या दलदलीत चर खणून, बांध घालून ती शेतीसाठी कोरडी करण्यात आली. 1968 मध्ये ही जमीन बेकर विद्यापीठाकडे आली आणि नंतर चर बुजवून पाणी पुन्हा अडवले गेले. बाजूने जाणारा महामार्ग अनेक वर्षांच्या कज्ज्यानंतर 2016 मध्ये पूर्ण झाला. त्याच्या आवाजाची घरघर दिवसभर कानांवर असते. बारीक चिवचिवाट ऐकून पक्षी शोधणाऱ्याला ती जाचते.

सकाळी सातला लाकडी पायवाटेवर आम्ही दोघेच होतो. दोन्ही बाजूंना पाणकणसांची भिंत होती आणि तिची कणसे पिंजून कापूस सुटू लागला होता. मी ओठांनी "पिश् पिश्" असा आवाज काढू लागले. या आवाजाने लपलेले लहान पक्षी कुतूहलाने वर येतात आणि जगभरचे पक्षिनिरीक्षक तो काढतात. बाबांनी दोन मिनिटे सहन केले आणि मग गंभीरपणे विचारले, "कोणाच्या बाळाला शू करायला बसवलंयस का?"

बाळ नाही, पण स्वॉम्प स्पॅरो वर आले. एक, मग तीन, मग मोजता येईनात इतके. तांबूस पंख, राखाडी गळा आणि कपाळावर आठ्या पडल्यासारखा भाव. त्यांच्या मागून सॉन्ग स्पॅरो आले, दोन लिंकन्स स्पॅरो आले आणि पाणकणसांच्या आतून मार्श रेन शिवण यंत्रासारखा खडखडत राहिला. हे सगळे नेहमीचे पाहुणे. दोन तासांनंतर पायवाट सोडून आम्ही बांधाखालच्या ओल्या गवतात उतरलो, तेव्हा माझ्या बुटापासून हातभर अंतरावरून काहीतरी पिवळट उठले, गवताच्या शेंड्यांना घासत वीसेक पावले गेले आणि दगड टाकावा तसे खाली पडले. शेपूट आखूड आणि उडणे अडखळते होते. सगळे मिळून तीन सेकंद.

आम्ही त्या जागी गेलो. तिथे कोणीही नव्हते. अर्धा तास त्या पन्नास चौरस फुटांत आम्ही दोघे उभे होतो आणि गवताचे पातेही हलले नाही. बाबा म्हणाले, "उंदीर होता." मी म्हणाले, "उडाला ना पण." ते म्हणाले, "म्हणूनच विचारतोय, तुम्ही लोक नक्की काय बघता?"

वहीत मी लिहिले : लेकाँट्स असू शकेल, प्रजाती निश्चित नाही.

दुसरा दिवस, शुक्रवार : फ्लिंट हिल्समार्गे ग्रेट बेंड

हा दिवस रस्त्यातच गेला. टोपेका सोडल्यावर फ्लिंट हिल्स लागतात. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी कधीकाळी पसरलेल्या उंच गवताच्या कुरणांपैकी चार टक्क्यांहून कमी उरले आहेत आणि त्यातला सर्वांत मोठा सलग तुकडा या टेकड्यांवर आहे. याचे कारण येथील चुनखडीत गारगोटीसारखा कठीण दगड ठासून भरलेला आहे, नांगर चालत नाही. ऑक्टोबरात हे गवत तांबूस होते. एल्सवर्थपाशी महामार्ग सोडून आम्ही नैऋत्येला वळलो आणि तिथून पुढे भूमी हळूहळू इतकी सपाट होत गेली, की धान्याच्या कोठारांचे पांढरे मनोरे गावाच्या कितीतरी आधी दिसू लागले.

ग्रेट बेंड हे नाव आर्कान्सा नदीच्या मोठ्या वळणावरून पडले आहे. आग्नेयेकडच्या एका राज्याचे नाव आर्कान्सॉ असे उच्चारतात, परंतु कॅन्ससमधली माणसे त्याच अक्षरांच्या या नदीला आर्-कॅन्सस म्हणतात आणि दुसरा उच्चार केल्यास दुरुस्ती करतात. बाबांना नदी पाहायची होती. पुलावरून पाहिली, तर पात्रात वाळूच जास्त होती आणि मधून पाण्याच्या दोन-तीन बारीक वेण्या वाहत होत्या.

संध्याकाळी चेयेन बॉटम्स या पाणथळीच्या कडेने एक फेरी मारली. वारा ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे असावा. लव्हाळी आडवी झाली होती आणि अशा वाऱ्यात हे पक्षी वर येत नाहीत. हॉटेलात परतलो. रात्री मी बुटांना वंगण लावत बसले होते आणि बाबा भिंतीवरच्या नकाशापुढे उभे राहून कालव्यांच्या रेघांवरून बोट फिरवत होते.

तिसरा दिवस, शनिवार : चेयेन बॉटम्स

उजाडायच्या सुमारास पहिला बार झाला आणि मग सगळ्या क्षितिजावरून फटाके लागल्यासारखे बार सुरू झाले. बदकांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला होता. मी दोघांसाठी भडक नारिंगी टोप्या आणलेल्या होत्या. बाबांनी आपली टोपी घातली, मोटारीच्या आरशात पाहिली आणि काही बोलले नाहीत. शिकाऱ्यांबद्दल मला पूर्वी अढी होती, ती आता तितकीशी उरलेली नाही. या देशात पाणथळींची राखण ज्या पैशांतून होते, त्यांतला मोठा वाटा शिकारीच्या परवान्यांतून आणि त्यांना जोडलेल्या ‘डक स्टॅम्प’ या विकत घ्यायच्या तिकिटांतून येतो, ही वस्तुस्थिती आहे. तरीही बार झाला की पोटात धस्स होतेच.

चेयेन बॉटम्स हा सुमारे 41 हजार एकरांचा नैसर्गिक खोलगट भाग आहे. त्यातले जवळपास वीस हजार एकर राज्य सरकारच्या ताब्यात आहेत आणि काही हजार एकर एका निसर्गसंवर्धन संस्थेच्या मालकीचे आहेत. 1988 साली त्याचा महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत समावेश झाला. आमच्या निफाडच्या घरापासून जवळचे नांदूर मध्यमेश्वर त्याच यादीत 2020 मध्ये गेले, महाराष्ट्रातले पहिलेच. हे सांगितल्यावर बाबा एकदम सरसावून बसले, कारण नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आणि तिथून निघणारे गोदावरीचे डावे-उजवे कालवे यांवर त्यांच्या नोकरीची कित्येक वर्षे गेली आहेत. तिथले पक्षी हे त्यांच्या दृष्टीने गाळाचे उप-उत्पादन होते. "गाळ साचला म्हणून उथळ झालं, उथळ झालं म्हणून तुमचे पक्षी आले," असे ते म्हणत आणि ते खोटेही नाही.

चेयेन बॉटम्स खोलगट असला, तरी तिथले पाणी केवळ निसर्गाच्या भरवशावर नाही. बांध घालून त्याचे मोठमोठे तळे-विभाग केलेले आहेत, आर्कान्सा नदी आणि वॉलनट क्रीक यांतून कालव्याने पाणी आणता येते आणि एका विभागातून दुसऱ्यात ते दारांनी सोडता येते. बाबा पहिल्याच दारापाशी थांबले. गंजलेला स्क्रू, त्यावरचे चाक, खालच्या बाजूला साचलेला काडीकचरा, पाण्याने भिंतीवर सोडलेल्या रेघा हे सगळे त्यांनी पाहिले. मी दुर्बीण घेऊन बांधावरून पुढे निघाले होते.

"अगं, तू कुठं शोधतेयस?" त्यांनी मागून विचारले.

"पाणकणसांत."

"तो पक्षी खोल पाण्यात उभा राहतो का?"

"नाही. घोटाभर पाण्यात, नाहीतर नुसत्या ओलीत."

"मग पाणकणसांत काय करतेयस? ते गुडघाभर पाण्यातलं गवत आहे. इथं पाणी नुकतंच उतरलंय, हे बघ, या रेघेपासून वितीनं खाली आलंय. घोटाभराची कड आता तिकडे असणार." त्यांनी हाताने उत्तरेकडे एक वळण काढून दाखवले, जणू कंटूर नकाशा समोर पसरलेला होता.

सहा वर्षांत मी पुस्तके वाचली होती, आवाज पाठ केले होते, पिसांच्या कडांचे रंग तोंडपाठ होते. नेल्सन्स स्पॅरो उथळ पाण्यातल्या दाट लव्हाळ्यांच्या कडेला असतो, हेही माहीत होते. परंतु ती कड दर आठवड्याला जागा बदलते आणि ती आधी शोधायची असते, हे मी कधी मनावर घेतले नव्हते. गेल्या वर्षी जिथे कोणाला पक्षी दिसला तिथे मी जात असे. तिथे या वर्षी गुडघाभर पाणी असे, नाहीतर भेगा पडलेल्या असत.

बाबांनी दाखवलेल्या बाजूला शिकारीला बंदी असलेल्या भागाच्या सीमेलगत एक उथळ पट्टा होता. डावीकडे पाणकणसे, उजवीकडे चढावर कोरडे आखूड गवत आणि मध्ये दहा-बारा पावले रुंदीची, कमरेइतक्या लव्हाळ्यांची पट्टी, जिच्या बुडाशी पाणी चकाकत होते. त्या पट्टीचा एक टप्पा चालायला आम्हाला सव्वा तास लागला. पाणकणसांतून स्वॉम्प स्पॅरो कुरकुरत होते, वरच्या कोरड्या गवतातून सॅव्हाना स्पॅरो उठत होते. एका चौकात एका प्रजातीची घरे आणि दुसऱ्या चौकात दुसरीची असावीत, तशी ही वाटणी होती. आपल्याला हवा तो मधल्या चौकातला.

माझा उजवा बूट याच पट्टीत गाळात रुतला. पाय वर आला, बूट खाली राहिला आणि मी मोज्यासह काळ्या रेंद्यात उभी राहिले. बाबांनी काठीने बूट उकरायला घेतला. तो सुटताना "भच्च" असा मोठा आवाज झाला आणि त्या आवाजासरशी समोरच्या लव्हाळ्यांत एक पक्षी वर चढला.

तो दोन देठांवर दोन पाय देऊन, मधल्या फटीत तोल सांभाळत बसला. अंतर फार तर पंधरा फूट. चेहरा हळदीत चिमूटभर कुंकू पडल्यावर दिसावा त्या रंगाचा आणि त्या रंगाच्या चौकटीत गालावर राखाडी तुकडा. मानेची मागची बाजू स्वच्छ राखाडी, तिच्यावर एकही रेघ नव्हती आणि खात्रीसाठी मी आधी तीच पाहिली. छातीवर फिकट केशरी आणि त्यावर पाण्यात फुटलेल्या शाईसारख्या अस्पष्ट रेघा. त्याखाली पोट एकदम पांढरे. पाठीवर पांढऱ्या रेषा ओढलेल्या. पिसे इतकी नवी होती, की कडा कापल्यासारख्या दिसत होत्या. हा पक्षी वर्षातून दोनदा सगळी पिसे बदलतो. खरखरीत गवतात सतत घासल्यामुळे ती लवकर झिजतात, असे कारण दिले जाते. त्याने आमच्याकडे पाहिले, चोच देठाला दोनदा पुसली, वाऱ्याने देठ वाकला तसा तो पाय न हलवता त्याच्याबरोबर वाकला, मग एक पाय सोडला आणि उतरून गेला. मी एका पायावर उभी होते, हे त्यानंतर लक्षात आले.

या पक्ष्याचे नाव एडवर्ड नेल्सन यांच्यावरून पडले. त्यांना तो 1874 मध्ये शिकागोजवळच्या कॅल्युमेट दलदलीत मिळाला आणि पुढच्या वर्षी जोएल अ‍ॅसाफ अ‍ॅलन यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. अनेक वर्षे हा अणकुचीदार शेपटीच्या एकाच प्रजातीचा भाग मानला जाई. 1995 मध्ये तिचे दोन भाग झाले, एक हा आणि दुसरा अटलांटिक किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलींतला. आता नावही कदाचित राहणार नाही. अमेरिकेतल्या पक्षिशास्त्रज्ञांच्या संस्थेने 2023 मध्ये व्यक्तींच्या नावांवरून पडलेली इंग्रजी नावे बदलण्याचे जाहीर केले. मला त्याचे दुःख नाही. चेहऱ्यावर एवढा रंग असलेल्या पक्ष्याला माणसाचे नाव देण्याची गरजच मुळात नव्हती.

दुपारपर्यंत त्याच पट्टीत आणखी दोन दिसले. बाबांना तिसरा माझ्याआधी दिसला. "तुझा तो हळदीकुंकवाचा आला बघ," असे त्यांनी हळूच सांगितले. एव्हाना त्यांची "पिश् पिश्" ला हरकत राहिलेली नव्हती, मात्र स्वतः करून पाहायला ते तयार नव्हते.

चौथा दिवस, रविवार : क्विव्हिरा

ग्रेट बेंडच्या आग्नेयेस पन्नासेक किलोमीटरवर क्विव्हिरा हे 22,135 एकरांचे राष्ट्रीय अभयारण्य आहे. स्थापना 1955 सालची. स्पॅनिश सरदार कोरोनाडो 1541 मध्ये सोन्याच्या शोधात ज्या क्विव्हिरा प्रदेशापर्यंत आला, त्यावरून हे नाव आहे. त्याला सोने मिळाले नाही. इथे जमिनीखाली मिठाचे जाड थर आहेत आणि वर येणारे पाणी खारट आहे; किनाऱ्यापासून हजारभर किलोमीटर आत खाऱ्या पाण्याची दलदल हे याचे वैशिष्ट्य. पाणी ओसरते तिथे जमिनीवर पांढरी पापडी धरते. बाबांनी ती बोटाने उचलून जिभेला लावली आणि म्हणाले, "नापीक." निफाड तालुक्यात अतिपाण्याने क्षारपड झालेली शेते त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत.

गाडीत येताना पाण्याच्या हक्कांवर बोलणे निघाले होते. कॅन्ससमध्ये 1945 च्या कायद्याप्रमाणे ज्याने आधी हक्क नोंदवला त्याला आधी पाणी. टंचाईत नंतरच्याने थांबायचे. या अभयारण्याचा रॅटलस्नेक क्रीकच्या पाण्यावरचा हक्क वरच्या भागातल्या बहुतेक शेतकऱ्यांच्या विहिरींपेक्षा जुना आहे, तरी उपशामुळे ओढ्याचे पाणी कमी होते आणि त्यावरून वर्षानुवर्षे वाद चालला आहे. हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. नाशिक-नगरची धरणे आणि जायकवाडी यांचा तंटा त्यांनी खुर्चीवर बसून अनुभवला आहे. शेवटी म्हणाले, "वरचा म्हणतो माझ्या विहिरीचं पाणी, खालचा म्हणतो माझ्या नदीचं. दोघंही खरं बोलतात. आणि इथं खालचा पक्षी आहे, म्हणजे तो मोर्चाही काढणार नाही."

लेकाँट्स स्पॅरो नेल्सन्सपेक्षा एक पायरी वर राहतो. त्याला उभे पाणी नको, मात्र जमीन ओली हवी आणि बुडाशी जुन्या गवताचा दाट थर हवा, ज्याखालून तो धावू शकेल. वजन सुमारे 13 ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या दोन नाण्यांहूनही कमी. धोक्याच्या वेळी उडण्याऐवजी तो उंदरासारखा पळतो. बाबांचे गुरुवारचे निदान त्या अर्थी अगदीच चूक नव्हते. पक्षिचित्रकार ऑड्युबॉन यांनी 1843 च्या मिसुरी नदीवरील प्रवासात मिळालेल्या पक्ष्याला आपल्या एका तरुण मित्राचे नाव दिले. त्यानंतर कित्येक वर्षे तो कोणाच्या दृष्टीस फारसा पडलाच नाही, याचे मला आता नवल वाटत नाही.

मोठ्या खाऱ्या दलदलीच्या कडेने आम्ही सकाळी आठला चालू लागलो. आदल्या दिवशीची पद्धत तीच. आधी पक्षी विसरायचा आणि पाण्याची कड पाहायची. बाबांनी पापडीची पांढरी रेघ धरली. तिच्या खाली चकाकणारा चिखल, वर खुरटे खारे गवत आणि त्याहून थोडे वर एका सखल घळीत प्रेअरी कॉर्डग्रासचा छातीइतका उंच पट्टा होता. या गवताच्या पात्यांना करवतीसारखी धार असते, उसाच्या पाचटात हातमोज्यांशिवाय शिरल्यासारखी अवस्था होते. माझ्या मनगटांवर अजून त्याच्या रेघा आहेत. घळीच्या तळाशी पाय टाकला, की बुटाभोवती पाणी यायचे आणि पाय उचलला, की ते परत जिरायचे. बाबा म्हणाले, "ही ओल बरोबर आहे."

आम्ही एक नियम ठरवला होता, की एका पक्ष्याला तीनपेक्षा अधिक वेळा उठवायचे नाही. रात्रभर उडून आलेल्या जिवाला दिवसा बियाणे खाऊन पुढच्या रात्रीची शिदोरी जमवायची असते. आपल्या यादीतल्या एका ओळीसाठी त्याची दमछाक करणे मला पटत नाही. आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवायचे नाही, हेही त्यातच आले.

पहिला पक्षी नऊच्या सुमारास उठला. पिवळट, अडखळता, वीस पावले, खाली. त्या जागी गेलो, तिथे नव्हता. दुसऱ्यांदा तो आम्ही उभे होतो तिथून दहा-बारा पावले बाजूला उठला, म्हणजे उतरल्यावर एवढे अंतर तो गवताखालून पळाला होता. त्यामुळे तिसऱ्या वेळी आम्ही उतरलेल्या जागी गेलोच नाही. बाबांनी घळ पाहिली. एका बाजूला पट्टा संपून पापडी धरलेली उघडी जमीन होती, गालिच्याएवढी. "पळत आला तर इथं त्याला थांबावं लागेल," ते म्हणाले. "पाटाचं पाणी जसं शेवटच्या चारीला येतं, तसं." आम्ही त्या उघड्या तुकड्याच्या पलीकडे बसकण मारली.

अकरा मिनिटे. या काळात एक सेज रेन येऊन गेला, दूरवर सँडहिल क्रेन या क्रौंचांचा घशातला खडखडाट ऐकू आला, डास अजून संपलेले नाहीत हे कळले. मग गवताच्या बुडाशी, जमिनीपासून चार बोटांवर, एक डोके बाहेर आले.

डोक्याच्या मधोमध पांढरी रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे. चेहरा फिकट पिवळसर, नेल्सन्सइतका भडक नाही, ताकातल्या हळदीएवढा. चोच लहान, निळसर राखाडी. तो एक पाऊल बाहेर आला आणि वळला, तेव्हा मान दिसली. राखाडीवर जांभळट-तपकिरी बारीक ठिपके आणि रेघा होत्या. पाठ म्हणजे वाळलेल्या गवताचीच पेंढी, काळ्या पिसांना गवती कडा, त्यामुळे तो हलला नाही तर पुन्हा गवतच होत होता. कुशीवर मात्र काळ्या रेघा टोकदार पेन्सिलीने ओढल्यासारख्या. त्याने पापडीवर पडलेले एक बी उचलले, चोचीत फिरवले, टरफल बाजूला पडले, दुसरे उचलले. उघड्या जमिनीवर पुढे जावे की न जावे, याचा त्याने विचार केला असे मला वाटले, पण तो माझा विचार असावा. चाळीस सेकंदांनी तो मागच्या मागे गवतात शिरला. पाते हलले नाही.

मी दुर्बीण खाली घेतली, तेव्हा भिंगे धुरकट झाली होती. श्वासाने, असे मी बाबांना सांगितले.

त्यानंतर दुपारी आणखी एक लेकाँट्स उडताना दिसला आणि त्याला आम्ही तिथेच सोडले. हूपिंग क्रेन हे दुर्मिळ क्रौंच इथे ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरात उतरतात. 1941 मध्ये विशीच्या घरात आलेले ते पक्षी आता पाचशेच्या पुढे गेले आहेत. त्यांच्यासाठी दोन-तीन ठिकाणी मोठमोठ्या भिंगांचे कॅमेरे लावून मंडळी आतापासून बसली होती. त्यांतल्या एका गृहस्थांनी आम्हाला काय दिसले, असे विचारले. मी सांगितले. ते उठून उभे राहिले आणि घळ कुठे आहे, एवढेच त्यांनी विचारले. मी दिशा सांगू लागले, तर बाबांनी त्यांना थांबवून आपल्या इंग्रजीत समजावले, की घळीकडे जाऊ नका, पांढऱ्या रेघेने चाला.

पाचवा दिवस, सोमवार : परत

पहाटे निघून दुपारी दोनला लॉरेन्सला पोहोचलो. घरी जाण्याआधी बेकर वेटलँड्सचा तो बांध पुन्हा पाहावा, असे मला वाटत होते. उजेड चांगला होता, वारा पडला होता. बांधाखालच्या गवतात आम्ही गुरुवारच्या जागेभोवती तासभर चाललो. सॉन्ग स्पॅरो भरपूर, सॅव्हाना दोन. पिवळट काही उठले नाही. बुधवारच्या थंडीबरोबर आलेले पक्षी शनिवार-रविवारच्या रात्री पुढे गेले असणार. हवा तेव्हा स्वच्छ होती.

गाडीत बसल्यावर बाबांनी माझी वही मागून घेतली आणि गुरुवारच्या पानावर थांबले.

"आता तर तुला तो नीट माहीत झाला. तीच पिवळट पाठ, तेच पडणं. इथं नाव लिही की."

"तेव्हा मी मान पाहिली नव्हती, बाबा. डोक्यावरची रेघही नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "हे मात्र बरोबर. मोजमाप घेतल्याशिवाय एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, नोंद करायची नाही." मग त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि "प्रजाती निश्चित नाही" या शब्दांपुढे, बिलांवर शेरा मारायच्या त्यांच्या तिरप्या अक्षरांत लिहिले : ओल बरोबर होती. पाणी घोट्याखाली दोन इंच.